सातबाऱ्याच्या मापाचं घर

यंदा दिवाळीत चार दिवस शिरूर अनंतपाळला होतो. पुण्यात शिरूर म्हटलं की लोकांना घोडनदीचं शिरूर आठवतं, बीडकडच्या माणसाला शिरूर कासार. आमचं शिरूर लातूर जिल्ह्यातलं, अनंतपाळाच्या देवळाचं. मी शाळेत होतो तेव्हा ते निलंगा तालुक्यातलं एक मोठं गाव होतं, तालुका नंतर झाला. असो.

आजी आता सत्त्याऐंशीची आहे. पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण सगळ्यांचा धीर सुटला. काकाने भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा बसवायचं ठरवलं आणि मिस्त्री बोलावला. मिस्त्रीने विचारलं, "मालक, किती उंचीवर घेऊ?" काका म्हणाला तीन फूट. मी मोबाईलवर काहीतरी शोधून अडीच फूट म्हणालो. चुलतभावाचं मत तिसरंच. पाच मिनिटं आम्ही तिघं पुरुष न्हाणीच्या दारात उभं राहून वाद घालत होतो आणि आजी बाहेर बाजेवर बसून ऐकत होती. शेवटी ती स्वतःच उठली, भिंतीला धरत आत आली, पाटावर बसली आणि उठताना तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे तिने बोट ठेवलं. "हितं ठिव. त्याच्यावर माझा हात पुरत न्हाई."

मिस्त्रीने पेन्सिलीने खूण केली. काम संपलं.

त्या पेन्सिलीच्या खुणेने माझ्या डोक्यात एक जुनी गोष्ट पुन्हा सुरू झाली. आमच्या भागात एकदा अख्खीच्या अख्खी गावं नव्याने बांधली गेली. हजारो घरं. त्या वेळी कुणाच्या हाताखाली अशी खूण झाली होती का? आज त्याबद्दल लिहितो. घरच्यांनी चुका काढाव्यात, विशेषतः आत्याने.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. मला आठवतं ते असं की भांड्यांची मांडणी खडखडली, छतातून माती अंगावर पडली आणि आजोबांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं. आमच्याकडे भिंतीला तडे गेले, माणसं वाचली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी ही नावं आम्हाला दिवस उजाडल्यावर रेडिओवर आणि रस्त्याने जाणाऱ्या ट्रकवाल्यांकडून कळली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. जखमी सोळा हजारांच्या आसपास. भूकंपाची तीव्रता काही ठिकाणी ६.२ लिहिलेली सापडते, काही ठिकाणी ६.४. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसं मरत नाहीत. आमच्याकडे मेली, कारण आमची घरं.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन-अडीच फूट, कुठे कुठे त्याहून जाड दगडी भिंती. दगड ओबडधोबड, सांधायला चिखल. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये बारीक दगड आणि माती कोंबलेली. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळतीच्या भीतीने त्यावर आणखी थोडी माती पडायची. म्हणजे घर जितकं जुनं तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. एप्रिल-मे महिन्यात लातूरचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना त्या मातीचा गारवा ठाऊक असेल. पंखा नसताना दुपारची झोप लागायची ती त्या थरामुळे. पण जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगडच नव्हता. भिंती फुगून कोसळल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली.

भूकंपाच्या सरकारी नकाशात तेव्हा लातूर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होतं. २००२ साली ते तिसऱ्या पट्ट्यात गेलं. थोडक्यात, गवंड्याला भूकंपाची भीती कधी कुणी सांगितलीच नव्हती. त्याला ऊन माहीत होतं, चोर माहीत होते आणि धान्य साठवायचं माहीत होतं. त्याने त्याप्रमाणे घर बांधलं.

या घरात एक जागा होती, ढाळज. दारातून आत शिरलं की डाव्या-उजव्या हाताला छपराखालचा ओटा. घरात असूनही घराबाहेर. आमच्या पणजोबांची शेवटची आठ वर्षं ढाळजेत गेली असं आजी सांगते. त्यांना चालता येत नव्हतं. पण गल्लीतून कोण गेलं, कुणाचा बैल लंगडतोय, कुणाच्या घरी पाहुणे आले, हे सगळं त्यांना बसल्या जागी कळायचं. येणारा-जाणारा दोन मिनिटं टेकायचा, तंबाखू मळायचा. औषधपाणी, जेवण, नातवंडांना रागावणं सगळं तिथूनच. कुणी त्याला 'वृद्धांसाठी सोय' म्हटलं नव्हतं. ढाळज पाहुण्यांसाठी होती, म्हातारपणाला ती आपोआप उपयोगी पडली.

जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही हेही सांगायला हवं. त्याच घरात उंबरठे घोट्याच्या वर होते. माळवदावर जायला भिंतीतला अंधारा जिना होता. संडास नव्हता, म्हाताऱ्या बायकांना पहाटे अंधारात काठी टेकत गावाबाहेर जावं लागायचं. ज्याचे पाय पोलिओने गेलेत असा गल्लीतला एक मुलगा आयुष्यभर हातांवर सरपटत त्या उंबरठ्यांवरून गेला. घर त्याच्यासाठी बांधलेलं नव्हतंच. आणि शेवटी तेच घर माणसांच्या अंगावर पडलं.

आता नवीन घरांकडे येऊ.

१९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जाने महाराष्ट्र सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. तो १९९८ पर्यंत चालला. सगळ्यात जास्त हानी झालेली ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवायची ठरली. काही घरं सरकारने ठेकेदारांकडून बांधून घेतली, काही गावं संस्था आणि कंपन्यांनी दत्तक घेतली. इतक्या कमी वर्षांत इतकी घरं उभी राहिली, त्यात जीव तोडून काम केलेली माणसं होती, याबद्दल मला आदरच आहे. ती घरं भूकंपाला टिकतील अशी होती.

पण कुणाला केवढं घर द्यायचं याचा नियम काय होता माहितीये? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ज्याची जमीन त्याला ७५०.

म्हणजे घराचं माप सातबाऱ्यावरून निघालं. त्यामागचा हिशेब अगदीच अडाणी नव्हता. मोठ्या शेतकऱ्याकडे बैल, अवजारं, धान्य, सालगडी. त्याला जागा जास्त लागणार. पण घरात माणसं किती, त्यात म्हातारं कोण, कुणाची दृष्टी गेलीय, ढिगाऱ्याखालून काढलेल्या कुणाचा पाय आता वाकत नाही, कोण पुन्हा उभं राहणार नाही, याला त्या नियमात रकाना नव्हता. भूकंपाने सोळा हजार माणसं जखमी केली होती. ज्या वेळी घराचा नकाशा माणसाच्या शरीराकडे पाहून काढायला हवा होता, नेमका त्याच वेळी तो जमिनीकडे पाहून काढला गेला. भूमिहीन घरातल्या लुळ्या म्हाताऱ्याला सगळ्यात लहान घर आलं.

माझी आत्या किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका गावात दिलेली. गावाचं नाव नको. आत्याच्या सासूला मोतीबिंदूने आणि मग आणखी कशाने तरी जवळजवळ दिसत नव्हतं. जुन्या घरात तिला काही अडत नसे. ढाळजेपासून चुलीपर्यंत तेरा पावलं, डाव्या हाताला बळद, मग खांब, खांबाला खाच, खाचेच्या पुढे पाण्याचा रांजण. तिचं सगळं जग हाताला आणि पायाला पाठ होतं. भूकंपात ती वाचली, घरातले दोघं गेले. पाचेक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर नवं घर मिळालं. सरळ रेषेत रस्ते, रस्त्याच्या कडेला एकसारख्या घरांची रांग, सगळ्यांची दारं सारखी, पायऱ्या सारख्या. नकाशात गाव फार देखणं दिसत असणार. पहिल्या पंधरवड्यात ती तीनदा दुसऱ्याच्याच घरात शिरली. तिसऱ्या वेळी कुणीतरी हसलं आणि त्या दिवसापासून तिने घराबाहेर पडणं सोडलं.

जुनं गाव दाट होतं. हाक मारली की चार घरं ऐकायची. नवी गावं कितीतरी पट मोकळी पसरली, कारण शहराच्या वसाहतीसारखे रुंद रस्ते आणि भूकंपाची भीती म्हणून घराघरांत अंतर. तरण्या माणसाला ते अंतर काहीच नाही. काठी टेकणाऱ्याला देऊळ, पार, दवाखान्याची गाडी थांबते ती जागा, सगळंच लांब गेलं. ढाळज कुठल्याच नकाशात नव्हती. स्लॅबखाली उन्हाळ्याची दुपार असह्य व्हायची. हळूहळू लोकांनी घरांपुढे पत्रे टाकले, कुडाच्या पडव्या काढल्या. बाहेरून आलेल्यांना ते अतिक्रमण वाटायचं. मला आता वाटतं, लोक आपली ढाळज परत बांधत होते.

आत्याच्या सासूचं काय झालं? आत्याच्या नवऱ्याने, आमच्या मामांनी, एक दिवस बैलगाडी जुंपली. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून त्यांनी घराचा उंबरठ्याचा दगड शोधून काढला. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी मध्यभागी खोलगट झालेला काळा दगड. तो आणून त्यांनी नव्या घराच्या पहिल्या पायरीपुढे जमिनीत बसवला. म्हातारीने चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि म्हणाली, "हं, हे आपलं." त्यानंतर ती कधी घर चुकली नाही. ती गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. दगड अजून तिथेच आहे.

या कार्यक्रमाची दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या शिरूरसारख्या गावांत घडली. जिथे घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे सरकारने मालकालाच हप्त्याहप्त्याने मदत द्यायची आणि त्याने स्वतः दुरुस्ती करून घ्यायची असं ठरलं. अशी घरं थोडीथोडकी नव्हती, दोन लाखांच्या घरात होती. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, डोक्यावरची माती उतरवून पातळ करा, खांब आणि तुळईला तिरके टेकू देऊन बांधा, असं सगळं गवंड्यांना शिकवलं गेलं. माहिती घरोघरी पोहोचावी म्हणून गावोगाव संवाद सहायक नेमले, त्यातल्या बऱ्याच महिला मंडळांतल्या बायका होत्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना उभं केलं. हजाराहून जास्त गावांत हे काम झालं. ज्या बायकांना घर सारवण्यापलीकडे घराबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, त्या सिमेंटचं प्रमाण तपासायला लागल्या.

सगळं गोडच झालं असं नाही. दगडमातीवरचा लोकांचा विश्वासच उडाला होता. बऱ्याच जणांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुन्यात जनावरं बांधली. पण ठरवलं त्यांनी. आमच्या आजोबांनी माळवदाची माती निम्म्याहून जास्त उतरवली, ढाळज ठेवली आणि मधला एक उंबरठा काढून टाकला, कारण तोवर त्यांच्याच गुडघ्यांनी संप पुकारला होता. मालक स्वतः उभा असला की असा बदल फुकटात होतो. नकाशा मुंबईत मंजूर झालेला असला की त्याच एका उंबरठ्यासाठी अर्ज करावा लागतो.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेलं घर कसं दिसतं हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. गुजरातेत मोठ्या प्रमाणावर घरमालकाच्या हाती पैसे देऊन घरं बांधली गेली, त्यामागे लातूरचा धडा होता, चांगला आणि वाईट दोन्ही.

हे वाचता वाचता मला जयपूर फूटची गोष्ट आठवली. साठच्या दशकात डॉ. प्रमोद करण सेठी जयपूरच्या रुग्णालयात पाय गेलेल्यांना परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय बसवत. रुग्ण ते घेऊन जात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. पायात काही खराबी नव्हती. पण त्यावर बूट घालावाच लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, चिखलात शेतात जाता येत नसे. म्हणजे तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेला होता. रामचंद्र शर्मा नावाच्या, फारसं न शिकलेल्या कारागिराने सेठींबरोबर बसून रबराचा, अनवाणी चालणारा, वाकणारा पाय घडवला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आत्याच्या गावातलं घर आणि तो परदेशी पाय, दोन्ही पक्के होते. दोन्ही दुसऱ्याच कुणासाठी बनवलेले होते.

अमेरिकेत रोनाल्ड मेस नावाचा वास्तुविशारद होता. लहानपणी पोलिओ झाला, आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. अपंगांसाठी वेगळं दार करण्यापेक्षा सगळ्यांनाच जाता येईल असं एकच दार करा, हा त्याचा साधा आग्रह. त्याने आणि सहकाऱ्यांनी याची सात तत्त्वं १९९७ साली मांडली. नेमकी तीच वर्षं आमच्याकडे रांगेने घरं बांधली जात होती. आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा, तो लागू झाला ७ फेब्रुवारी १९९६ ला. सार्वजनिक इमारतींना उतार हवा असं त्यात होतं, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाटही होती. २०१६ च्या नव्या कायद्याने ही भाषा बरीच कडक केली. राहत्या घराचं काय, हा प्रश्न मात्र मुख्यतः घरातल्यांवरच राहिला.

आणि उतार म्हणजे काय हेही अजून नीट समजलेलं नाही. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हा साधा हिशेब. दीड फूट जोतं असेल तर अठरा फूट. मराठवाड्यातल्या कितीतरी कार्यालयांपुढे तुम्हाला घसरगुंडीसारखे पाच-सहा फुटांचे उतार दिसतील. कागदावर उतार आहे, खुर्चीवाला माणूस मात्र अजून खालीच. मोटारसायकली मात्र छान चढतात.

घरोघरी झालेल्या संडासांचं तसंच. पहाटेची पायपीट वाचली ही आमच्या आज्यांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट, त्याला नावं ठेवणार नाही. पण बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचं भांडं, दार अरुंद, आत धरायला काही नाही. ज्या वयात त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच वयात गुडघे वाकत नाहीत. शेवटी कुणीतरी प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडतं आणि काम भागवतं. हे भोक पाडणारे लोक माझ्या लेखी रामचंद्र शर्मांच्या घराण्यातले.

भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली. तेव्हा ढिगाऱ्याखालून निघालेली तरुण माणसं आता साठी-सत्तरीची आहेत. त्यांची मुलं आमच्यासारखीच पुण्या-मुंबईला. म्हणजे त्या २५० आणि ४०० चौरस फुटांच्या घरांमधून आता म्हातारी माणसं एकेकटी राहतायत, आणि खरी परीक्षा आता सुरू झाली आहे. भूकंपात न पडणारं घर आपण बांधलं. त्या घरात म्हातारं माणूस पडू नये, हे काम राहिलंय. त्यासाठी जागतिक बँक लागत नाही. एक मिस्त्री, एक दांडा आणि पाच मिनिटं वाद न घालता ऐकून घेणारी घरची माणसं लागतात.

निघायच्या दिवशी आजी न्हाणीतून एकटी बाहेर आली. दांड्याला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुज्या आईच्या न्हाणीत बी बसव आत्ताच. पर उंची तिलाच इचार."

पुण्याला आलो त्याच रविवारी आईला विचारलं. तिने हात ठेवला ती जागा मी धरली होती त्याच्या चार बोटं खाली निघाली.